एकोणतीस झाकणं आणि एक बूच

मेव्हण्याने माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि पुढ्यात दोन ग्लास ठेवले. एकात मी गेली वीस वर्षं पीत आलोय ती माझी बिअर, दुसऱ्यात दुसरीच कुठली तरी. "ओळखा भाऊजी, तुमची कुठली?"

मी दोन्हींतून एकेक घोट घेतला, विचार करत असल्याचा आव आणला आणि डावीकडचा ग्लास उचलून ठामपणे म्हणालो, "ही." रुमाल सुटला. माझी उजवीकडे होती. चुकलो ते चुकलोच, वर डावीकडची मला जास्त आवडलीही होती. वीस वर्षांची निष्ठा एका घोटात उघडी पडली.

पण खरी फजिती पुढेच झाली. त्याने विचारलं, "मग दोन्हींत फरक काय वाटला?" मी तोंड उघडलं आणि आतून काही येईचना. "ही जरा... म्हणजे... बरी आहे," एवढंच निघालं. चव लागली होती, पण सांगता येत नव्हती. आणि सांगता येत नसेल तर ती खरंच लागली होती का, अशी शंका घेऊन मी झोपलो.

त्यातून हा उद्योग निघाला. महिनाभर रोज एक बाटली, रोज वेगळी. बाटल्या जमवण्यातच बराच काळ गेला, तो भाग कंटाळवाणा आहे. नियम मात्र मी हौसेने केले. बाटलीला तोंड लावायचं नाही, ग्लासात ओतूनच प्यायची. आधी वास, मग घोट, मग वहीत निदान तीन ओळी. तोवर लेबलची मागची बाजू वाचायची नाही. 'छान' हा शब्द वर्ज्य. आणि बाटली संपवलीच पाहिजे असं बंधन नाही. हा शेवटचा नियम बायकोने घातला. ती स्वतः पीत नाही.

पहिल्या चार दिवसांच्या नोंदी आज वाचताना लाज वाटते. पहिला दिवस: "थंड. कडू. बुडबुडे." दुसरा दिवस: "कालच्यासारखीच, पण कमी." काय कमी, ते लिहिलेलं नाही. चौथ्या दिवशी तीन ओळी भराव्यात म्हणून मी बाटलीच्या रंगाबद्दल लिहिलं आहे.

पाचव्या दिवशी ग्लास भरला आणि फोन आला. वीस मिनिटं गेली. परत येऊन बसलो तर ग्लासातून वास येत होता! ताज्या गवताचा, आणि त्याच्याखाली बिस्किटासारखा काहीतरी. मी चार दिवस बर्फासारख्या गार बाटल्या फ्रीजमधून काढून थेट पीत होतो. इतक्या गारठ्यात जीभ बधिर होते आणि वासही ग्लासातून वर उठत नाही. म्हणजे चार दिवस मी फक्त तापमान प्यायलो. त्यानंतर लागर प्रकारची, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली, बहुधा फिकट बिअर फ्रीजमधून काढून दहा मिनिटं आणि गडद, कडक बिअर चांगली अर्धा तास बाहेर ठेवायला लागलो. महिनाभरात शिकलेल्या गोष्टींपैकी ही एकच बिनखर्चाची.

ती पाचव्या दिवसाची बाटली पिल्स्नर उर्केल होती. आज जगात जी पिवळीधमक, पारदर्शक बिअर सगळीकडे मिळते, तिची ही मूळ आजी. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन गावाची बिअर इतकी खराब होती, की १८३८ मध्ये लोकांनी तिची पिंपं नगरसभेसमोर रस्त्यावर ओतून दिली. मग गावाने नवी भट्टी उभारली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा बिअर करणारा आणला आणि १८४२ मध्ये त्याने तिथलं मऊ पाणी, फिकट भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि जवळच्याच झाटेत्सचे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुलं) वापरून ही सोनेरी बिअर केली. तोवर बहुतेक बिअर गडद आणि गढूळ असे. माझी वीस वर्षांची लाडकी ही याच आजीची कितवी तरी पणती. आजी जास्त कडू निघाली.

आता या 'कडू'बद्दल थोडं. पहिले आठ-नऊ दिवस माझ्या वहीत प्रत्येक बिअर कडू आहे. एका संध्याकाळी बायकोने वही चाळली आणि म्हणाली, "रोज कडू काय? तुझ्या भाषेत कडसर नाही? कडवट नाही? तुरट नाही?" मी गप्प. मराठीत चवींना अर्ध्या आणि पाव मापाची भांडी आहेत: आंबट आणि आंबूस, गोड आणि गोडसर, कडू आणि कडसर. शिवाय वासांची ती 'ट'कारान्त फौज: कुबट, खवट, करपट, धुरकट, मातकट, कोंदट. एवढं सगळं घरात असताना मी शब्द नाहीत म्हणून रडत होतो.

मग नीट लक्ष दिलं, तर कडू आणि तुरट या खरोखरच दोन वेगळ्या जागा निघाल्या. कडूपणा हॉप्सचा. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना बदलतात आणि कडू होतात. ती चव जिभेच्या मागे जाऊन बसते आणि घोट गिळल्यावर वाढते. तुरटपणा बराचसा बार्लीच्या टरफलातल्या टॅनिनचा. ती चव नव्हेच, ती भावना आहे. गाल आतून आवळले जातात. आणि स्टाउट नावाच्या गडद बिअरचा जो कडवटपणा असतो तो तिसराच, करपट, कारण तो जवळजवळ काळ्या होईस्तोवर भाजलेल्या बार्लीतून येतो. एका शब्दाच्या जागी तीन आले आणि दुसऱ्या दिवशीपासून जिभेलाही तीन गोष्टी सापडायला लागल्या. आधी चव की आधी शब्द, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

सातव्या दिवशी जर्मन गव्हाची बिअर होती, हेफेवाइत्सेन. निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचा. ग्लास नाकाशी नेला आणि थेट केळं! मला वाटलं मनाचे खेळ, म्हणून स्वयंपाकघरात नेऊन काही न सांगता बायकोच्या नाकाखाली धरला. "पिकलेलं केळं. आणि लवंग," ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. त्या बाटलीत केळंही नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टने केलेले: केळ्याचा तो आयसोअमाइल ॲसिटेट या रसायनाचा, जे खऱ्या केळ्यातही असतं; आणि लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायकॉलचा. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धतेच्या कायद्यात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढीच नावं आहेत. यीस्टचा उल्लेखच नाही. ज्याने सगळा वास केला तोच यादीतून गायब. (गहूही यादीत नाही. गव्हाच्या बिअरसाठी पुढे सवलती काढाव्या लागल्या.) ही बिअर ओतताना शेवटचा थोडा भाग बाटलीत ठेवायचा, गोल फिरवून तळाचा गाळ उठवायचा आणि मग ओतायचा. मी पहिला अर्धा ग्लास हे न करताच प्यायलो आणि तळाशी गाळ दिसल्यावर बाटली खराब निघाली असं वहीत लिहून मोकळा झालो. ती ओळ नंतर खोडली आहे.

त्या दिवसापासून बायको माझी अधिकृत नाक झाली. घोट एकही नाही; फक्त हुंगायचं आणि बोलायचं.

अकराव्या दिवशी एक अपघात झाला आणि तो माझाच. एक हिरव्या काचेची बाटली मी दोन दिवस खिडकीत ठेवली होती, छान दिसते म्हणून. झाकण उघडलं आणि विचित्र, उग्र दर्प आला. बिअरवर लिहिणारे या वासाला 'स्कंक' म्हणतात. स्कंक हा अमेरिकेतला, घाबरला की दुर्गंधी फवारणारा प्राणी. आता मी आयुष्यात स्कंक हुंगलेला नाही, मग मला तो शब्द काय कामाचा? बायकोला विचारलं. तिने नाक वर केलं. "रबर जळलंय. आणि कुठेतरी लसूण." वहीत तेच लिहिलं.

त्यामागचं कारण कळलं तेव्हा मात्र चकित झालो. ज्या हॉप्समुळे बिअर कडू होते, त्यांच्याच कडू रेणूंवर प्रकाश पडला की ते फुटतात. बिअरमध्ये असलेलं बी२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, तो प्रकाश पकडून द्यायचं काम करतं. तुकड्यांना गंधक चिकटतं आणि एक थायॉल, म्हणजे उग्र वासाचा गंधकी रेणू, तयार होतो. एका लिटरमध्ये तो काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळजवळ नाहीच. मग मी नियम मोडला. एकाच बिअरच्या दोन पारदर्शक बाटल्या घेतल्या, एक कपाटात ठेवली आणि दुसरी भर दुपारी अर्धा तास उन्हात. थंड करून दोन्ही उघडल्या. कपाटातली साधी, सभ्य. उन्हातली रबर. अर्धा तास! आणि आपण दुकानाच्या दिव्यांखाली आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या बाटल्या कौतुकाने उचलतो. आता मी कायम मागच्या रांगेतली घेतो.

बाराव्या दिवसाची वेगळीच गंमत. डूव्हल नावाची बेल्जियन बिअर, ८.५ टक्के, फेसासाठी नावाजलेली. तिच्या खास ग्लासाच्या तळाशी नक्षी कोरलेली असते, त्या खरबरीत जागेवरून बुडबुडे सतत उठत राहावेत म्हणून. माझ्याकडे तो ग्लास नव्हता, पण नेहमीच्या ग्लासातही फेस आधी मस्त चढला आणि बघता बघता खाली बसला. मी लगेच वहीत पाल्हाळ लावणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "ग्लास कुठल्या हाताने धुतलास?" तेलकट हाताने. चरबीचा पुसटसा थर आणि उरलेला साबण, दोन्ही फेसाचे वैरी. ग्लास पुन्हा नीट विसळून उरलेली अर्धी बाटली ओतली, तर फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकला आणि काचेवर जाळी सोडत उतरला.

मधले काही दिवस मी भरभर सोडतो. चौदा ते सोळा या तीन बाटल्या मला आता वेगवेगळ्या आठवतच नाहीत, आणि वहीही मदत करत नाही. कदाचित त्या सारख्याच होत्या. दोन दिवस ताप होता, दोन दिवस इच्छाच झाली नाही, म्हणून माझा महिना चौतीस दिवसांचा झाला.

सतराव्या बाटलीने मात्र जागं केलं. जर्मनीतल्या बाम्बर्गची धुराची बिअर, श्लेंकर्ला. तिचा माल्ट बीच झाडाच्या लाकडावर वाळवतात आणि तो धूर थेट बाटलीपर्यंत येतो. पहिला घोट म्हणजे विझलेल्या शेकोटीत पडल्यासारखं. एकेकाळी लाकडावर माल्ट वाळवत तेव्हा पुष्कळशा बिअरना असाच धूर लागत असणार. पुढे धूर धान्याला न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि तो गेला. तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर धूर मागे सरतो आणि खालची गोडसर चव दिसायला लागते. बायकोने लांबूनच हुंगून खिडकी उघडली.

आणि मग एकविसावी. ऑरव्हाल. बेल्जियमच्या दक्षिणेतल्या एका मठात होते, बाटली खेळातल्या लाकडी पिनांच्या आकाराची. लेबलवर ती कधी भरली त्याची तारीख असते, कारण बाटलीत ब्रेटानोमायसीस नावाचं रानटी यीस्ट घातलेलं असतं आणि ते महिनोन्‌महिने आत काम करत राहतं. ताजी बाटली आणि वर्षभर जुनी बाटली या दोन वेगळ्या बिअर असतात. या यीस्टला नाव दिलं ते डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेनने, १९०४ मध्ये. त्याला ते इंग्लंडच्या बिअरमध्ये सापडलं म्हणून 'ब्रिटिश बुरशी' या अर्थाचं नाव. त्याच्या वासाला जाणकारांचा ठरलेला शब्द 'घोड्यावरची घोंगडी'. झालं! आधी स्कंक, आता घोडा. मी घोड्याच्या पाठीवरची घोंगडी हुंगायला कधी गेलो?

ग्लास बायकोकडे गेला. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. "भिजून वाळलेलं चामडं. आणि जुनी पुस्तकं ठेवलेलं लाकडी कपाट, खूप दिवसांनी उघडलेलं." मी पुन्हा नाक खुपसलं आणि कपाट उघडलं! नेमकं तेच. १९७० च्या दशकात मॉर्टन मायलगार्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाने बिअरच्या वास-चवींचं एक चक्र केलं, जगभरच्या चाखणाऱ्यांना एकाच वासाला एकच शब्द वापरता यावा म्हणून. त्याचा उपयोग मला मान्य आहे. शिळ्या बिअरच्या वासाला 'ओला पुठ्ठा' म्हणतात ते मला तेविसाव्या बाटलीत लगेच पटलं, कारण ओला पुठ्ठा माझ्याही घरात असतो. पण घोडा नाही. ज्याची आठवणच नाही त्याचा शब्द उसना घेऊन काय करायचं?

पंचविसावी ग्यूझ, बेल्जियमची आंबट बिअर; या पोस्टच्या शीर्षकातलं बूच हिचं. ब्रुसेल्सच्या आसपास धान्याचा उकळलेला रस उथळ, उघड्या टाकीत रात्रभर ठेवतात आणि हवेतले जीव त्यात आपसूक उतरतात. पुढे लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं. एक, दोन आणि तीन वर्षांचं मिश्रण करून बाटलीत भरतात, तिथे ते पुन्हा आंबतं. बूच काढताना आवाज झाला, छताला डाग पडला आणि वहीची दोन पानं भिजली. आंबट? आंबट म्हणजे दात शिवशिवले. मला आवडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिचीच आठवण येत होती, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

शरीराचा हिशेबही द्यायला हवा. बाटली एकच, असं म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो. ३३० मिलिलीटरच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. सत्ताविसाव्या दिवशीची रोशफोर १० ही तेवढीच बाटली, पण ११.३ टक्के, म्हणजे २९ ग्रॅमच्या पुढे. 'एक' म्हणताना मी दोनपेक्षा जास्त पीत होतो. ती मी अर्धी ओतून दिली, जिवावर आलं तरी. कडक बाटलीच्या रात्री तीन वाजता हमखास जाग यायची. महिन्याअखेर वजन दीड किलो वर. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, आणि माझ्या चौतीस दिवसांत त्याला छेद देणारं काही घडलं नाही. पुन्हा असं करायचं झालं तर मी आठवड्याला एक बाटली घेईन आणि तीही दोघांत.

शेवटच्या दिवसांतल्या नोंदी वाचायला मजेशीर आहेत. तीन ओळींची तीन पानं झालीत. एकोणतिसाव्या बाटलीबद्दल मी लिहिलंय: "सुरुवातीला संकोची, मग मधाळ, जाताना किंचित तुरटसर खेद." बायकोने हे मोठ्याने वाचलं आणि बराच वेळ हसली. "बिअरला खेद कसला झाला?"

तिसाव्या बाटलीनंतर झाकणं मोजली, उन्हाच्या प्रयोगाची दोन सोडून एकोणतीस. वेळ होता म्हणून एकेका झाकणाचे दातही मोजले. सगळी एकवीस दातांची. विल्यम पेंटरने १८९२ मध्ये बाल्टिमोरमध्ये या झाकणाचं पेटंट घेतलं तेव्हा दात चोवीस होते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांत तीन दात पडले.

त्या रविवारी मेव्हणा आला. पुन्हा रुमाल. या वेळी मीच अट घातली की तीन ग्लास ठेव. दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. चाखण्याच्या चाचण्या अशाच करतात, हेही मी त्याला ऐकवलं. मी सावकाश हुंगलं, घोट घोळवले, मधे पाणी प्यायलो. मग सांगायला लागलो. पहिली कोरडी, कडसर, गवताचा वास. तिसरी तशीच. मधली मात्र गोडसर, अंगाने जड, मागे पुसटसा लोण्याचा वास, बहुधा थोडी शिळी. मेव्हणा मधे मधे "अच्छा", "वा" करत होता. चांगली पाच मिनिटं मी बोललो. एकदाही अडखळलो नाही.

रुमाल सोडला तेव्हा टेबलावर तीन भरलेले ग्लास आणि एकच रिकामी बाटली होती. माझीच. वीस वर्षांची.

बायको दारात उभी होती. तिने येऊन तिन्ही ग्लास ओळीने हुंगले, मधला पुन्हा एकदा हुंगला आणि मेव्हण्याला म्हणाली, "हा ग्लास कोणी पुसला रे? फडक्याचा वास येतोय."